जुन्या मारुतीला घाटाचा दम : थोडा खर्च, पण योग्य क्रमाने

महाड-पोलादपूर पट्ट्यात फिरून धंदा करणाऱ्या आपल्या अनेक बांधवांच्या दारात आजही एक जुनी छोटी मोटार उभी असते, आणि बहुतेक वेळा ती मारुती ८०० असते. आठवडी बाजाराला कापडाचे गठ्ठे तिच्यातूनच जातात. शिंप्याचे शिवलेले कपडे, सुताराची हत्यारे, बांगडीवाल्याच्या पेट्या आणि सुट्टीच्या दिवशी घरची मंडळी, सगळ्यांचा भार तीच वाहते. नवी गाडी म्हटली की सगळ्यांत लहानसुद्धा रस्त्यावर येईपर्यंत चार लाखांच्या पुढे जाते. एवढी रक्कम फिरत्या भांडवलातून काढली तर ऐन सीझनला दुकानाची फळी रिकामी दिसते. म्हणून पुष्कळजण विचारतात, आहे त्याच गाडीचा पिकअप कमी पैशांत वाढवता येईल काय?

उत्तर असे की वाढवता येतो, पण बाजारात "पॉवर वाढवतो" म्हणून जे विकले जाते त्याने नव्हे. पंचवीस-तीस वर्षांच्या गाडीने जो जोर गमावलेला असतो तो परत मिळवणे, हीच तिची खरी सुधारणा. आणि घाटातल्या गाडीवर खर्च करण्याचा एक क्रम आहे : आधी ब्रेक, मग टायर, मग पाण्याची व्यवस्था आणि शेवटी इंजिन. हा क्रम उलटा केला की पैसाही जातो आणि जिवावरही बेतते.

गाडीची मूळ कुवत

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. या काळात पंचवीस लाखांहून अधिक गाड्या बनल्या. म्हणूनच तिचे सुटे भाग आजही तालुक्याच्या गावी मिळतात आणि तिचे काम न येणारा मिस्त्री सापडत नाही. इंजिन तीन सिलिंडरचे, ७९६ सीसीचे. कार्बोरेटरच्या गाडीची ताकद नवी असताना ३७ ते ३९ अश्वशक्ती, आणि रिकाम्या गाडीचे वजन सुमारे साडेसहाशे किलो.

आता हिशोब मांडू. चार माणसे आणि शंभर किलो माल घेतला की गाडी हजार किलोची होते. त्यात उंचीचा फटका. हवा विरळ होते तशी पेट्रोल इंजिनाची ताकद दर शंभर मीटरला साधारण एक टक्का कमी होते. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला गेलो तर आपण सुमारे १,३५० मीटर उंचीवर पोहोचतो. म्हणजे ३८ ची ताकद तिथे ३३ वर येते. गाडी आधीच थकलेली असेल आणि २८-३० च देत असेल, तर वर काय उरेल याचा अंदाज वाचकांनीच करावा.

पहिला खर्च ब्रेकवर

रायगडाच्या पायथ्याची हिरकणीवाडी आपल्यापैकी अनेकांच्या फेरीतली आहे. १९९६ साली तिथून रोप-वे सुरू झाला आणि पर्यटक वाढले. टपऱ्या, खाणावळी, फेटे-झेंड्यांची दुकाने यांना माल लागतो. महाडहून पाचाडमार्गे तिथे जाताना चढ-वळणे आहेत, पावसाळ्यात धुके आहे आणि ६ जूनच्या राज्याभिषेक दिनाच्या सुमारास गर्दीमुळे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जावे लागते. ज्या हिरकणीच्या नावाने ही वाडी ओळखली जाते तिची कथा गड उतरण्याची आहे, चढण्याची नाही. मोटारीचेही तेच. चढावर गाडी कमी पडली तर फार तर थांबते. उतारावर कमी पडली तर थांबत नाही.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. नव्या डॉट-३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो. ओल शोषलेल्या ऑइलसाठी तेच प्रमाण १४० अंशांवर येते. लांब उतारावर सतत पेडल दाबून ठेवले की ब्रेक तापतात, जुन्या ऑइलमध्ये वाफ होते आणि पेडल थेट तळाला जाते. म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल पूर्ण बदलावे. नुसती भर घालून भागत नाही. त्याच वेळी पुढचे पॅड, मागचे ब्रेक शू, व्हील सिलिंडरच्या रबरी वॉशर आणि रबरी नळ्या पाहून घ्याव्यात. साधारण तीन-चार हजारांत हे काम होते.

चालवण्याची सवयही ब्रेकइतकीच महत्त्वाची. जो गिअर चढाला लागतो तोच उताराला ठेवावा. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून उतरण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. इंजिन बंद केल्यावर ब्रेकचा बूस्टर काही दाबांतच निकामी होतो आणि पेडल दगडासारखे घट्ट होते. एमपीएफआय गाडीत तर गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा आपोआप तुटतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागते. म्हणजे धोका पत्करून बचतही होत नाही.

टायरचा हिशोब

आपल्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कायद्याने टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी, पण आपल्या पावसात ती तीनच्या खाली जाऊ देऊ नये. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत असली तरी सहा वर्षांपुढचे रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावर घसरते.

आता मोठ्या टायरचा मोह. या गाडीचा सर्वसाधारण टायर १४५/७० आर १२, त्याची उंची सुमारे ५०८ मिलिमीटर. कोणी दिसायला भारी म्हणून १३ इंची अलॉय व्हील आणि १६५/६५ चा टायर लावतो. त्याची उंची ५४५ होते, म्हणजे सात टक्के जास्त. चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापते, त्यामुळे प्रत्येक गिअर सात टक्के "लांब" होतो. घाटात गाडी ओढेनाशी होते, क्लचवर ताण येतो आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. हजारो रुपये मोजून पिकअप घालवण्याचाच हा उपाय. मूळ मापाचे चार चांगले टायर दहा हजारांच्या आसपास येतात. हवा पुस्तिकेत दिल्याप्रमाणे, टायर थंड असताना भरावी.

पाणी आणि ताप

चढावर सुई लाल रेषेकडे गेली की गाडी बाजूला घ्यावीच लागते. रेडिएटर आतून धुऊन घ्यावा, साध्या पाण्याऐवजी कूलंट भरावे, रबरी पाइप दाबून पाहावेत आणि विजेचा पंखा वेळेवर सुरू होतो की नाही ते तपासावे. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणे हा गॅरेजमधला जुना तोडगा आहे. त्याने सपाटीवर इंजिन गरजेपेक्षा थंड राहते, पेट्रोल जास्त खाते आणि लवकर झिजते. खराब असेल तर नवा बसवावा, जागा रिकामी ठेवू नये.

इंजिन : आधी तपासणी, मग खर्च

थान फाडण्यापूर्वी आपण कापड मोजतो. तसेच इंजिनावर पैसा घालण्यापूर्वी तिन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. अर्ध्या तासाचे काम आहे. तिन्ही आकडे जवळजवळ असले तर इंजिन आतून ठीक समजावे. एखादा बराच कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंग झिजल्या आहेत, वाढला नाही तर बहुधा व्हॉल्व्ह बसत नाहीत. ही एक तपासणी मिस्त्री आणि मालक दोघांचाही अंदाजपंचे खर्च वाचवते.

कॉम्प्रेशन बरे असेल तर पुढची कामे स्वस्त आहेत. एअर फिल्टर, तीन प्लग आणि त्यांच्या वायरी, टॅपेटची सेटिंग, इग्निशन टायमिंग, कार्बोरेटरची साफसफाई. एमपीएफआय असेल तर कार्बोरेटरऐवजी इंजेक्टर आणि थ्रॉटल बॉडी साफ करणे. टॅपेट फार घट्ट असेल तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि जळतो. या सगळ्याला दीड-दोन हजारांपेक्षा फारसे लागत नाही, आणि पिकअपमधला फरक पहिल्याच चढावर कळतो.

इंजिन ओरडते पण गाडी पुढे सरकत नाही, अशी तक्रार असेल तर दोष इंजिनाचा नसून क्लच प्लेटचा असण्याची शक्यता जास्त. मोकळ्या सपाट जागी हँडब्रेक लावून, तिसरा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडावा. इंजिन लगेच बंद पडले तर क्लच बरा. चालूच राहिले तर प्लेट घसरते आहे. कितीही ट्यूनिंग केले तरी घसरणाऱ्या क्लचमधून ताकद चाकापर्यंत पोहोचत नाही.

पेट्रोल बदलले आहे, नळ्या बदला

२०२५ पासून देशभर पंपांवर सर्रास २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणून ॲव्हरेज थोडे कमी होणारच. कार्बोरेटरची गाडी हे मिश्रण स्वतः ओळखून जुळवून घेऊ शकत नाही. तिला हवा जास्त आणि इंधन कमी असे होते, गाडी चढावर अडखळते. मिस्त्रीकडून मिक्श्चर नव्याने लावून घ्यावे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे जुन्या रबरी नळ्या, वॉशर आणि पंपाचा पडदा इथेनॉलसाठी बनलेले नाहीत. ते फुगतात, चिरतात. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकले तर आग लागते. इथेनॉल सोसणारी नळी मागून घ्यावी. काही शे रुपयांचा प्रश्न आहे. शिवाय इथेनॉल ओल ओढते. पावसाळ्यात गाडी आठवडेच्या आठवडे अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नये.

फुकटची अश्वशक्ती

हजार किलोच्या भरलेल्या गाडीतून पन्नास किलो उतरवले तर पाच टक्के भार कमी झाला. चढावर त्याचा फायदा जवळजवळ दोन अश्वशक्ती वाढल्याइतका होतो, आणि खर्च शून्य. डिकीत वर्षभर पडून असलेला न विकलेला माल, लोखंडी स्टँड, नको असलेली कॅरिअर काढून ठेवावी. टपावर गठ्ठे बांधू नयेत. वाऱ्याचा अडथळा वाढतो आणि वळणावर गाडी कलते. जड गठ्ठा मागच्या सीटला टेकवून खाली ठेवावा.

हे करू नये

मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, बॉनेटखाली उघडा बसवलेला फिल्टर आणि इंजिन बदलून दुसरे टाकणे, या तीन गोष्टींपासून दूर राहावे. एवढ्याशा इंजिनाला मोठा सायलेन्सर लावला की खालच्या वेगातली ओढ कमी होते, आणि घाटात तीच लागते. उघडा फिल्टर इंजिनाजवळची तापलेली हवा ओढतो. गरम हवेत ताकद कमी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजारांपर्यंत दंड किंवा कैदही होऊ शकते.

सीएनजी किट आरटीओच्या नोंदीसह बसवता येते, पण सिलिंडरचे वजन पन्नास-साठ किलो, डिकी जाते आणि ताकद सुमारे दहा टक्क्यांनी घटते. सपाटीवर रोज लांब पल्ला असेल तर ते परवडते. घाटात माल नेणाऱ्याने दोनदा विचार करावा.

ठेवावी की काढावी?

पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते. ऑगस्ट २०२५ च्या नियमांनुसार वीस वर्षांवरील मोटारीला केंद्राचे शुल्क दहा हजार रुपये आहे. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. हे धरूनही, पत्रा शाबूत असेल आणि कॉम्प्रेशन बरे असेल, तर क्लचसकट वरील सर्व कामे वीस हजारांच्या आसपास बसतात, आणि तीही चार-सहा महिन्यांत विभागून करता येतात. पण चासी गंजून पोकळ झाली असेल तर एक रुपयाही घालू नये.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. जुलै २०२१ च्या पुरात महाडमधल्या कितीतरी गाड्या बुडाल्या होत्या. गालिच्याखाली, सीटच्या पट्ट्यांत आणि स्टेपनीच्या खळग्यात वाळलेला गाळ आहे का, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर त्याच्या टोकाला डाग आहे का, हे दिवसाउजेडी तपासावे. नुसत्या पॉलिशवर भुलू नये.

शेवटी एवढेच सांगणे की गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी कामांची यादी वरील क्रमाने कागदावर लिहावी आणि बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागून घ्यावा. चांगला मिस्त्री त्याला नाराज होत नाही. पावसाळ्यापूर्वी पैसे एकाच कामापुरते असतील, तर ते काम ब्रेकचे असावे. पिकअप दिवाळीपर्यंत थांबू शकतो.