घरातली 'स्मार्ट' यंत्रे : घेताना आणि बसवताना



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की पूर्वी बैलजोडी, इंजिन, फार तर घरावरचे पत्रे असा खर्च निघत असे. आता त्याच पैशातून मोबाईलवर चालणारा पंखा, दिवा, गोठ्यावरचा कॅमेरा घरात येऊ लागला आहे. गट ऑफिसला लागणीची नोंद द्यायला आलेले सभासद नोंद झाली की हळूच विचारतात, "साहेब, ते स्मार्ट प्लग का काय म्हणतात, ते पाण्याच्या मोटरीला चालंल का?" विषय उसाचा नाही, पण पैसा उसाचाच आहे आणि चूक झाली तर गाठ विजेशी आहे. म्हणून या अंकात पाचट आणि खोडवा बाजूला ठेवून याविषयी लिहीत आहे.

खोका भिवंडीहून का येतो?

फोनवर मागवलेल्या वस्तूच्या खोक्यावर पुष्कळदा 'भिवंडी, जि. ठाणे' असा पत्ता असतो. भिवंडी हे मूळचे यंत्रमागाचे गाव. मुंबई-नाशिक रस्ता जवळ, न्हावा-शेवा बंदर आवाक्यात, आणि मुंबईच्या जकात नाक्याबाहेर. त्यामुळे माल भिवंडीत उतरवायचा आणि लागेल तसा मुंबईत न्यायचा, अशी व्यापाऱ्यांची रीत पडली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, पण गोदामे हलली नाहीत, उलट वाढली. मानकोली, काल्हेर, पूर्णा, पडघा या भागात भाताच्या खाचरांच्या जागी गोदामे उभी राहिली. ॲमेझॉन, फ्लिपकार्ट यांचीही गोदामे त्या पट्ट्यात आहेत. सांगायचा मुद्दा एवढाच, की माल लांबून येतो आणि दुकानदार समोर नसतो. तेव्हा चौकशी पैसे देण्याआधी करायची, नंतर नाही.

'स्मार्ट' म्हणजे काय?

हेही भिवंडीच्याच उदाहरणाने समजून घेऊ. साध्या यंत्रमागावर उभा धागा तुटला तरी माग चालतच राहतो आणि कापड खराब होते. म्हणून कामगाराला डोळ्यांत तेल घालून उभे राहावे लागते. धागा तुटताच माग आपोआप थांबावा अशी जोडणी जपानच्या टोयोडा यांच्या १९२४ च्या मागावर होती. साध्या मागांना अशा जोडण्या बसवण्यासाठी केंद्र सरकारची योजनाही होती. या मागाला फक्त धागा तुटलेला कळतो आणि तो थांबतो. हे झाले स्वयंचलित यंत्र. त्याने थांबून पुन्हा मालकाच्या फोनवर 'धागा तुटला' असे कळवले आणि मालकाने घरबसल्या तो चालू-बंद केला, तर ते झाले 'स्मार्ट'.

आपल्याला हे नवीन नाही. लाईट आली की मोटर चालू करणारा ऑटो-स्टार्टर म्हणजे स्वयंचलित, आणि फोनवरून चालणारा मोबाईल स्टार्टर म्हणजे स्मार्ट. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या 'नॅनो गणेश' या मोबाईल स्टार्टरला २००९ साली नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत बक्षीस मिळाले होते. म्हणजे शहरातल्या बंगल्यात बोलणारा दिवा येण्याआधीच आपल्या विहिरीवर हे तंत्र पोचले होते. रात्रीच्या पाळीला बिबट्या-सापाच्या भीतीत उसात जाणे ज्याचे वाचले, त्याला त्याची किंमत विचारा.

घेण्यापूर्वी हे पाहावे

१) भार : स्मार्ट प्लग ६, १० किंवा १६ अँपिअरचे मिळतात. वॉटला २३० ने भागले की अँपिअर निघतात. २००० वॉटचा गीझर सुमारे ८.७ अँपिअर घेतो. त्याला १० चा प्लग काठावर होतो, १६ चाच घ्यावा. मोटरीचे गणित मात्र वेगळे आहे. चालू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. अर्ध्या एचपीच्या मोटरीलाही लहान प्लग लावला तर आतले पॉइंट चिकटतात. मग फोनवर 'बंद' दिसते आणि मोटर चालूच राहते. विहिरीवरच्या थ्री-फेज मोटरीला तर स्मार्ट प्लग लावायचाच नाही. तिथे मोटरीच्या एचपीला योग्य असा मोबाईल स्टार्टरच हवा.

२) सिमकार्ड : बऱ्याच जुन्या मोबाईल स्टार्टरला टूजी नेटवर्क लागते. जिओचे टूजी नाही, त्यामुळे त्यात जिओचे सिम चालत नाही. विहिरीवर कोणत्या कंपनीची रेंज आहे आणि यंत्र कोणते नेटवर्क घेते, हे आधी विचारावे.

३) बचत : साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॉट घेतो, बीएलडीसी पंखा सुमारे ३५ वॉट. रोज १२ तास चालला तर ४० वॉटप्रमाणे महिन्याला १४.४ युनिट वाचतात. ही बचत मोटरीची आहे, वायफायची नाही. पंखा वायफायचा नसला तरी तेवढीच बचत होते. छताच्या पंख्यावर १ जानेवारी २०२३ पासून स्टार लेबल सक्तीचे आहे, ते पाहून घ्यावे. उलट स्मार्ट प्लग बंद असतानाही वायफायसाठी थोडी वीज खातो. एक वॉट धरला तरी महिन्याला पाऊण युनिट होते. दहा नग बसवले तर सात युनिट. तेव्हा गरज असेल तिथेच बसवावा.

बसवताना

आधी घराचे अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला असेल तर मीठ-कोळसा भरून पाणी सोडा. मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. गळती झाली की ती क्षणात वीज तोडते. गावात रात्री भार कमी झाला की दाब चढतो, आणि लाईनचा न्यूट्रल तुटला तर २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या आसपास दाब घरात येऊ शकतो. अशा वेळी ही नाजूक यंत्रे आधी जळतात. जास्त दाबाला वीज तोडणारे साधन वायरमनकडून बसवून घेणे स्वस्त पडते.

पुढची अडचण जोडणीची. यातली बहुतेक यंत्रे २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात, ५ च्या नाही. राउटरवर दोन नावे दिसत असतील तर फोन २.४ वर घेऊन मगच जोडावे. 'यंत्र सापडत नाही' ही तक्रार पुष्कळदा इथेच मिटते. पहिल्यांदा जोडताना यंत्र राउटरच्या जवळ आणावे. जाड भिंतीपलीकडे वायफाय क्षीण होते.

ॲपमध्ये 'वीज परत आल्यावर काय करायचे' अशी एक निवड असते. गीझर, इस्त्री, शेगडी यांच्यासाठी ती 'बंद' ठेवावी. नाहीतर लाईट गेली असताना तुम्ही शेतावर जाता, दुपारी लाईट येते आणि रिकाम्या घरात इस्त्री तापत राहते. आणि भिंतीवरचे साधे बटण काढून टाकू नये. इंटरनेट गेले तरी घरातल्या म्हातारीला दिवा लावता आला पाहिजे.

सर्वात महत्त्वाचे

फोनवर 'बंद' दिसणे म्हणजे वीज तुटणे नव्हे. विहिरीवर कोणी मोटर दुरुस्त करीत असेल आणि घरी पोराने फोनवरून ती चालू केली, किंवा लाईट येताच ऑटोने उचलली, तर जीव जाईल. मोटरीला, केबलला, घरातल्या होल्डरला हात लावण्यापूर्वी मेन स्विच पाडावा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावा आणि टेस्टर लावून खात्री करावी. हा नियम घरातल्या प्रत्येकाला, ऊसतोड टोळीला आणि पाणी देणाऱ्या गड्याला सांगून ठेवा.

कॅमेरा आणि ठकबाजी

कॅमेऱ्याला कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. २०१६ साली 'मिराई' नावाच्या प्रोग्रॅमने जगभरातले असेच पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबर २०१६ ला त्यांच्या जोरावर ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास ठप्प केल्या. कॅमेऱ्याच्या मालकांना पत्ताही नव्हता. कॅमेरा गोठा, ट्रॅक्टर, दार यांवर लावावा. न्हाणीघर, झोपायची खोली आणि शेजाऱ्याचे अंगण यांकडे त्याचे तोंड नको. भावकीत नवे भांडण विकत घेण्याचे कारण नाही.

यंत्र बिघडले तर कस्टमर केअरचा नंबर बिलावरून किंवा खोक्यावरून घ्यावा, इंटरनेटवर शोधू नये. तिथे ठगांनी टाकलेले नंबरही असतात. ओटीपी मागणारा किंवा 'फोनची स्क्रीन दाखवा' म्हणणारा माणूस कंपनीचा नसतो. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता कमी. खराब माल आला आणि विकणारा दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे. त्यासाठी बिल जपून ठेवावे आणि खोका उघडताना मोबाईलवर चित्रीकरण करून ठेवावे.

थोडक्यात, आपण बेणे घेताना प्लॉट पाहतो, डोळे पाहतो, बेणेप्रक्रिया करतो आणि मगच लागण करतो. इथेही रीत तीच : भार पाहा, अर्थिंग पाहा, पासवर्ड बदला, मगच बटण दाबा. काही अडले तर माहितगार वायरमनला विचारा. लागणीच्या नोंदी मात्र आमच्याकडे वेळेत द्यायला विसरू नका.

आपला,
ऊस विकास अधिकारी