तुळईतला पाऊस

शुक्रवार पेठेतला आमचा वाडा उतरवला, तेव्हा माडीच्या तुळया वखारवाल्याने जागेवरच मोजून घेतल्या. जुन्या सागवानाला गिऱ्हाईक तयार असते. एका तुळईच्या टोकाचा वीतभर तुकडा मी मागून घेतला. घरी पॉलिशपेपरने घासल्यावर त्यावर गडद-फिक्या रेषा उमटल्या. भिंग लावून मोजल्या, तर १०६ भरल्या. काही ऐसपैस, तर काही एकमेकींना चिकटलेल्या. या चिकटलेल्या रेषा दुष्काळाच्या असतील का, या प्रश्नाने मला वाचायला लावले.

साग पानगळीचा वृक्ष. उन्हाळ्यापूर्वी पाने झडतात, वाढ थांबते. पाऊस सुरू झाला की आधी मोठ्या छिद्रांचे सच्छिद्र लाकूड तयार होते, मग हंगाम सरेल तसे दाट लाकूड. या दोहोंचे मिळून एका वर्षाचे एक वलय. सह्याद्रीतल्या जांभूळ, अंजनीसारख्या सदाहरित झाडांत असा ठळक विराम नसतो. म्हणून आपल्याकडे या अभ्यासात सागाला मान.

अवकाळी पावसाने एखादे खोटे वलयही पडते, त्यामुळे नुसत्या मोजणीवर वय ठरवता येत नाही. एकाच प्रदेशातल्या अनेक झाडांच्या रुंद-अरुंद वलयांचा क्रम एकमेकांशी जुळवावा लागतो. साल काढल्याबरोबरचे शेवटचे वलय कोणत्या वर्षाचे हे ठाऊक असलेल्या झाडापासून सुरुवात करून मागे मागे जायचे. अमेरिकेत अॅरिझोनात ए. ई. डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने ही रीत बसवली. १९२९ साली एका जळक्या तुळईने त्याच्या साखळीतला तुटलेला दुवा जोडला आणि तिथल्या प्राचीन वस्त्यांच्या भिंती कोणत्या वर्षी उभ्या राहिल्या हे सांगता आले. म्हणजे घराची तुळईही साक्षीदार होऊ शकते.

भारतात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत हे काम झाले. ठाणे परिसरातील सागाची वलये तिथल्या संशोधकांनी १९८०च्या दशकात तपासली. पुढे बोरगावकर आणि सहकाऱ्यांनी केरळमधील सागावरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका २०१० साली प्रसिद्ध केली. अल् निनोच्या आणि अपुऱ्या मान्सूनच्या वर्षांत वलये अरुंद पडल्याचे त्यात दिसते. भारतीय हवामान विभाग १८७५ साली स्थापन झाला. त्याआधीचा पाऊस विचारायचा तर असेच साक्षीदार हवेत.

कोल्हापुरात मात्र एक मेख आहे. गगनबावड्याच्या झाडाला पाण्याची ददात नाही, म्हणून थोडा पाऊस कमी झाला तरी त्याच्या वाढीत फरक दिसणार नाही. पाण्याची चणचण भासते अशा कोरड्या कडेचे झाड जास्त बोलके. पश्चिमेकडे धो धो, शिरोळकडे बेताचा, असा पाऊस असलेल्या जिल्ह्यात झाड कुठले हे आधी कळले पाहिजे.

माझ्या तुळईचे नेमके तेच कळत नाही. ती जवळच्या रानातली, की मलबारातून आलेली? एखाद्या प्रदेशाच्या मालिकेशी वलये जुळली तर गावही सापडेल. पण सुताराने वाकस चालवून सालीलगतचे पांढरे लाकूड काढून टाकलेले, कारण वाळवी तेच आधी खाते. त्याने काम चोख केले. झाड तोडल्याचे वर्ष मात्र त्या ढलप्यांबरोबर गेले. वलये १०६ आहेत, ती कोणत्या १०६ वर्षांची हे एकट्या तुकड्यावरून सांगता येणार नाही.

आज कोल्हापुरात वाडे उतरत आहेत. त्यांच्या तुळयांचे दरवाजे, टेबले होतात. रंध्याखाली वलये जातात. तुळया विकू नयेत असे मी कोणत्या तोंडाने म्हणणार? आम्हीही विकल्या. एवढेच सुचवतो: विकण्यापूर्वी टोकाची एक चकती कापावी, शक्यतो सालीकडची कड राहिलेली. तिच्यावर पेठ, वाड्याचे नाव, तुळई कोणत्या खणातली होती आणि कागदपत्रांत असेल तर बांधकामाचे वर्ष लिहून ठेवावे.

एका चकतीला किंमत नाही. पन्नास जमल्या तर जुळवायला काहीतरी असेल. माझी १०६ वलयांची चकती कपाटात आहे. तिच्या शेजारी ठेवायला दुसरी हवी आहे.