बाहेरचा ओटा: चार ऋतू, एक फुटलेला पाईप आणि आईची सुकट

कानात इअरफोन घालून ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि लोकलमध्ये नेटवर्क गेलं म्हणून वाचणाऱ्यांना पण. आजचा विषय थोडा वेगळा आहे. घराबाहेर स्वयंपाकघर कसं बांधायचं, आणि तेसुद्धा जिथे जुलैत ३३ डिग्री आणि जानेवारीत उणे २० असतं अशा ठिकाणी. मी राहतो टोरोंटोच्या पश्चिमेला, एका उपनगरात. हे सगळं मी आधी चुकून आणि मग शिकून सांगतोय.

सुरुवात सुकटीपासून

आई पहिल्यांदा आमच्याकडे आली ती मे महिन्यात. येताना गुहागरहून सुकट घेऊन आली होती. एका दुपारी तिने ती तव्यावर भाजायला घेतली आणि दोन मिनिटांत घरातले तिन्ही स्मोक अलार्म एकदम ओरडायला लागले. बाळ दचकून रडायला लागलं, बायको खिडक्या उघडत धावली, मी स्टुलावर चढून टॉवेल हलवतोय. इथली घरं थंडीसाठी घट्ट बंद केलेली असतात. वास आत शिरला की चार दिवस पडद्यांतून जात नाही.

आई काही बोलली नाही. तिने गॅस बंद केला आणि सुकटीची पिशवी गाठ मारून बॅगेत ठेवली. नंतर हळूच म्हणाली, "अरे, तुमच्या घरात माझा स्वयंपाक बसत नाही." ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून ठरवलं, मागच्या अंगणात ओटा बांधायचा.

पहिला ओटा, म्हणजे काय करू नये

सप्टेंबरमध्ये घाईघाईत बांधला. जमिनीवरच काँक्रीटची लादी ओतली, त्यावर विटांचा ओटा, वर बाथरूमच्या उरलेल्या टाइल्स. सिंक हवंच म्हणून घरातून पाण्याचा पाईप ओढला. साडेतीन हजार डॉलर गेले. आईने ऑक्टोबरात परत जाण्याआधी तीनदा त्यावर स्वयंपाक केला. खूश होती.

एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर बघितलं तर ओटा एका बाजूला कलला होता, अर्ध्या टाइल्स सुटल्या होत्या आणि नळ चालू केल्यावर पाणी नळातून न येता ओट्याच्या मागून यायला लागलं. पाईप चिरला होता.

या तिन्ही गोष्टींचं कारण एकच आहे, पाणी. पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं. फ्रीजरमध्ये काचेची भरलेली बाटली विसरलात तर काय होतं, ते आठवा. तेच माझ्या मातीत, टाइल्समध्ये आणि पाईपमध्ये झालं. आणि एकदाच नाही. इथे मार्च महिन्यात दिवसा वितळतं आणि रात्री परत गोठतं. प्रत्येक फेरीत चीर थोडी मोठी होते.

पाया: एकतर खोल, नाहीतर सुटा

दक्षिण ओंटारिओत हिवाळ्यात जमीन बरीच खोल गोठते, म्हणून पाया साधारण १.२ मीटर खाली नेतात. त्याच्या वर थांबलेला पाया गोठणारी माती उचलते आणि वसंतात परत सोडते, पण सरळ सोडत नाही. म्हणून माझा ओटा कलला.

मग दोनच मार्ग. एक, काँक्रीटचे खांब त्या खोलीपर्यंत न्यायचे. दोन, जड बांधकामच करायचं नाही. खाली खडीचा निचरा होणारा थर, त्यावर सुटे पेव्हर आणि वर हलका, सुटा ओटा. थोडं हललं तर पेव्हर उचलून परत बसवता येतात. दुसऱ्या वेळी मी हाच मार्ग घेतला. भाड्याच्या घरात राहत असाल तर तुम्हालाही हाच बरा.

आणि हो, खांबांसाठी खणणार असाल तर आधी ओंटारिओ वन कॉलला कळवा. जमिनीखालच्या गॅस आणि विजेच्या लाईन कुठे आहेत ते खुणा करून देतात, घरमालकाला फुकट. न विचारता खणणं बेकायदेशीर आहे.

वर काय लावायचं?

नियम सोपा: जे पाणी पितं ते बाहेर नको. टाइल लावायचीच असेल तर पोर्सिलेनची. ती ०.५ टक्के किंवा त्याहून कमी पाणी शोषते. साधी भिंतीची सिरॅमिक टाइल त्याच्या कितीतरी पट पिते. मी या वेळी ग्रॅनाइटचा एकच सलग तुकडा टाकला आणि त्याला थोडासा उतार दिला. सांधे कमी, म्हणजे पाणी शिरायला जागा कमी.

आतला सांगाडा लाकडी करू नका. गॅसची शेगडी आत बसवायची असेल तर धातूचा सांगाडा आणि सिमेंट बोर्ड. स्टीलमध्ये ३०४ ग्रेड बहुतेक ठिकाणी पुरतो. समुद्राजवळ किंवा रस्त्यावरचं मीठ उडतं तिथे ३१६ घ्या.

गॅसचं मात्र नीट ऐका

प्रोपेन उणे ४२ डिग्रीला उकळतो, म्हणून तो इथल्या थंडीतही चालतो. ब्युटेन शून्याच्या आसपासच अडकतो, त्यामुळे ट्रेकिंगची ब्युटेनवाली छोटी शेगडी हिवाळ्यात उपयोगाची नाही. पण कडक थंडीत प्रोपेनचाही दाब कमी होतो, तेव्हा सिलिंडर अर्ध्याहून जास्त भरलेला ठेवा.

प्रोपेन हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली साठतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाला तळाशी हवेची भोकं हवीत. नैसर्गिक गॅस हलका, त्याला वर हवीत. सिलिंडर नेहमी उभा आणि नेहमी बाहेर. लाईन ओढायची असेल तर परवानाधारक तंत्रज्ञच बोलवा, यूट्यूब बघून करायचं काम नाही हे.

आणि कितीही थंडी असली तरी शेगडी गॅरेजमध्ये नेऊ नका, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

जागा: उदबत्तीची टेस्ट

पहिल्या वेळी मी ओटा अंगणाच्या टोकाला बांधला होता, फोटोत छान दिसावा म्हणून. जानेवारीत गुडघाभर बर्फातून तिथे कोण जाणार? आता तो मागच्या दारापासून आठ-दहा पावलांवर आहे. फावड्याने पाच मिनिटांत वाट मोकळी होते. पण खिडकीखाली किंवा छपराच्या कडेला चिकटून नाही. शेगडीच्या पुस्तिकेत किती अंतर सोडायचं ते दिलेलं असतं, तेवढं सोडाच.

बांधण्याआधी मी चार दिवस सकाळ-दुपार-संध्याकाळ तिथे उदबत्ती लावून बसलो. शेजाऱ्यांना वाटलं पूजा चाललीय! धूर कुठे जातो ते बघत होतो. आमच्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, म्हणून त्या बाजूला आडोसा केला. तीन बाजू मोकळ्याच ठेवल्या.

उन्हाचंही तसंच. इथे जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळपास ७० अंशांवर असतो, डिसेंबरमध्ये जेमतेम २३ अंशांवर. म्हणजे दक्षिणेकडे थोडं पुढे आलेलं छप्पर उन्हाळ्यात सावली देतं आणि हिवाळ्यात ऊन आत येऊ देतं. छपराला उतार द्या, बर्फाचं वजन धरून हिशोब करा आणि परवानगी लागते का ते नगरपालिकेत विचारा.

सिंकचं काय?

काढून टाकलं. आतलं सिंक दहा पावलांवर असताना बाहेर कशाला? बाहेर एक बादली, एक तांब्या. तुम्हाला नळ हवाच असेल तर असा घ्या, ज्याची झडप घराच्या उबदार भिंतीच्या आत असते. आणि ऑक्टोबरमध्ये आतून पाणी बंद करून पाईप पूर्ण रिकामा करा. मी नुसता नळ बंद केला होता. पाईपमध्ये उरलेल्या पाण्याने काम केलं.

आईची आगोट

दुसरा ओटा झाल्यावर आई परत आली. मी तिला माझी हिवाळ्याची यादी वाचून दाखवली: सिलिंडर बंद करायचा, शेगडी धुऊन कोरडी करायची, कव्हर घालायचं पण खाली हवा खेळू द्यायची, अन्नाचा कणही ठेवायचा नाही कारण रॅकून येतात. ती हसली. "म्हणजे आगोटच की! आपण नाही का पावसाच्या आधी घर शाकारत, पडवीला झड्या लावत, सुकट भरून ठेवत? तुला पहिल्याच वेळी मला विचारायचं सुचलं नाही?"

खरंच नाही सुचलं. मी इथल्या थंडीकडे परकी गोष्ट म्हणून बघत होतो. पण ऋतूच्या आधी घर तयार करायचं, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तुम्ही पुण्यात गच्चीवर किंवा कोकणात परसात ओटा बांधत असाल तरी पहिला प्रश्न तोच: पाणी येणार कुठून आणि जाणार कुठून? तिथे ते गोठणार नाही, पण चार महिने थांबणारही नाही.

त्या संध्याकाळी आईने बाहेर सुकट भाजली. एकही अलार्म वाजला नाही. पलीकडच्या शेजाऱ्याने कुंपणावरून विचारलं, हे काय आहे? आईने इंग्रजीत उत्तर दिलं नाही, भाकरीवर थोडी वाढून वाटी पुढे केली.

तर मंडळी, तुमचे प्रश्न व्हॉइस नोटवर पाठवा. अंगणाचा फोटो आणि उत्तर दिशा कुठे आहे तेही सांगा, म्हणजे नीट बोलता येईल. भेटू पुढच्या भागात!