विशेष मूल आणि त्याचे कुटुंब : आधार कोठे मिळतो?

वसतिगृहात वाढलेल्या आम्हा माजी विद्यार्थ्यांना एक गोष्ट पुस्तकाबाहेर शिकावयास मिळाली. मूल केवळ दोन हातांवर वाढत नाही. आमच्यापैकी कोणाला ताप आला तर रात्री उशाशी बसणारे अधीक्षक असत आणि स्वयंपाकघरात पेज वेगळी काढून ठेवणाऱ्या मावशी असत. घरापासून दूर असूनही आम्ही एकटे नव्हतो. आज नोकरीधंद्यानिमित्त आमच्यातील अनेकजण मुंबईच्या उपनगरांत स्थिरावले आहेत. तेथे आमच्याच वस्त्यांत आम्हाला अशी कुटुंबे दिसतात की जी आपल्या घरात राहूनही अगदी एकटी पडली आहेत. ही कुटुंबे विशेष गरजा असलेल्या मुलांची आहेत. त्यांना कोणते साहाय्य मिळू शकते आणि ते कोठे मागावे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

घाटकोपरच्या एखाद्या चाळीतील मातेचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. मूल चार वर्षांचे झाले आहे, पण बोलत नाही. श्रवण व वाचादोषांवर काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वांद्रे येथे आहे. शारीरिक पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था १९५५ पासून हाजीअली येथे आहे. म्हणजे संस्था आहेत, परंतु त्या घरापासून दूर आहेत. घाटकोपरहून दादरला गाडी बदलून वांद्रे गाठावयाचे, आपली पाळी येईपर्यंत थांबावयाचे आणि संध्याकाळच्या गर्दीपूर्वी परतावयाचे, यात एक दिवस जातो. घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्या दिवसाची मजुरी जाते. मुलुंड किंवा बोरिवलीच्या कुटुंबाचा मार्ग याहूनही लांब असतो. एवढ्या खटाटोपानंतर प्रत्यक्ष उपचार होतो तो पाऊण तासाचा. आठवड्यातील उरलेला सर्व काळ मूल घरातच असते. म्हणूनच आमचे म्हणणे असे की, साहाय्य केवळ मुलाला देऊन भागत नाही. घरातील माणसे शिकली, सावरली आणि टिकली, तरच त्या पाऊण तासाचा उपयोग होतो. उत्तम उपचारक पहिल्याच भेटीत आईला जवळ बसवून घेतो व जेवण भरवताना, कपडे घालताना, खेळताना काय करावे हे दाखवतो. ते न दाखवल्यास पालकांनी संकोच न करता मागून घ्यावे.

तथापि अनेक घरांत पहिली अडचण अंतराची नसते, ती दोषारोपाची असते. “आईच्या पूर्वजन्मीचे पाप,” असे सासरी बोलले जाते. मग मूल पाहुण्यांपासून लपवले जाते आणि उपचाराची मोलाची वर्षे अंगारे-धुपाऱ्यांत निघून जातात. या स्मरणिकेच्या वाचकांना हे सांगावयास नको की, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माने आजच्या दुःखाचा अर्थ लावणे नाकारले आहे. विचाराने आपण ते स्वीकारले आहे. आता आपल्या शेजारच्या घरातील त्या मातेशी बोलतानाही ते पाळले पाहिजे. विकासातील अडथळ्यांची कारणे शरीरात असतात. जन्मावेळी प्राणवायू कमी पडणे, अकाली जन्म, गर्भावस्थेतील संसर्ग, गुणसूत्रांतील बदल ही त्यांपैकी काही होत. अनेकदा नेमके कारण सापडतही नाही. त्यात मातेचा अपराध नसतो.

वेळीच ओळखणे

मूल एक वर्षाचे होऊनही बोटाने वस्तू दाखवत नसेल किंवा हाकेला प्रतिसाद देत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द बोलत नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नसेल, तर “मुलगे उशिराच बोलतात” या समजुतीवर विसंबू नये. आलेली भाषा पुन्हा गेली, तर एक दिवसही दवडू नये. प्रथम बालरोगतज्ज्ञाला दाखवावे आणि मुलाची श्रवणक्षमता तपासून घ्यावी. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीतील बालकांची व सरकारी आणि अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांची तपासणी होते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. आपली शंका पथकातील डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावी.

प्रमाणपत्र

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. पूर्वीच्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, ते आता एकवीस झाले आहेत. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, इतकेच नव्हे तर थॅलेसेमिया व सिकलसेल हे रक्ताचे विकारही त्यांत आले. बहुतेक सवलतींसाठी किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व असल्याचे प्रमाणपत्र लागते. त्यासाठी स्वावलंबन या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरावा आणि नेमून दिलेल्या रुग्णालयात तपासणीस जावे. त्यानंतर युडीआयडी ओळखपत्र मिळते व ते देशभर चालते. काही पालक “आपल्या मुलावर शिक्का नको” म्हणून हे टाळतात. त्यांची भावना आम्ही समजतो. परंतु शिक्का समाज प्रमाणपत्राविनाही मारतोच. प्रमाणपत्रामुळे निदान हक्क तरी हाती येतो.

शिक्षण आणि वसतिगृह

या कायद्यानुसार लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या बालकास जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ज्यांना शाळेपर्यंत जाता येत नाही, त्यांच्यासाठी समग्र शिक्षा योजनेत घरी येऊन शिकवण्याची तरतूद आहे. अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत अधिक वेळ, लेखनिक आणि विषयांत पर्याय अशा सवलती मिळतात. मुंबईत शीव येथील महापालिकेच्या रुग्णालयासारख्या ठिकाणी या अक्षमतेची तपासणी होते. तेथे प्रतीक्षा दीर्घ असते. म्हणून दहावीच्या वर्षाची वाट न पाहता पाचवी-सहावीतच नाव नोंदवावे.

येथे निवासी शाळेचे माजी विद्यार्थी म्हणून एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. “वसतिगृहात टाका, म्हणजे सरळ होईल,” असे अनेक पालक म्हणतात. २००७ च्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटातील वडिलांनीही हेच केले होते. त्या मुलाला शिस्तीने वाचता आले नाही. अक्षरे त्याला वेगळी दिसतात हे एका शिक्षकाने ओळखले, तेव्हा त्याला वाचता आले. आमच्याही वर्गात असे सोबती होते. त्यांनी उत्तरपत्रिका कोऱ्या ठेवल्या, छड्या खाल्ल्या आणि एके दिवशी ट्रंक उचलून ते गावी निघून गेले. तेव्हा आम्ही त्यांना ‘ढ’ म्हटले. आज त्याची खंत वाटते. वसतिगृह हे उपचाराचे स्थान नव्हे. ओळखणारा शिक्षक असेल तर मात्र ते मोठा आधार ठरते.

पैसा आणि नोकरी

स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना आहे. तीत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो, पूर्वतपासणीची अट नाही आणि नियमित थेरपीचाही ठरावीक मर्यादेत समावेश आहे. न्यासाकडे नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत अर्ज करता येतो. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांनी संजय गांधी निराधार अनुदान योजनेची चौकशी तहसील कार्यालयात करावी. जुन्या करप्रणालीने प्राप्तिकर भरणाऱ्या पालकांना अशा मुलाच्या पालनपोषणासाठी पंचाहत्तर हजार रुपयांची, तर दिव्यांगत्व ऐंशी टक्के वा अधिक असल्यास सव्वा लाख रुपयांची वजावट मिळते.

आपल्या समाजातील पुष्कळ मंडळी सरकारी सेवेत आहेत. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपनासाठी संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची रजा मिळते व दिव्यांग अपत्याच्या बाबतीत वयाची मर्यादा नाही. अशा मुलाची काळजी घेणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यास नेहमीच्या बदल्यांतून सूट मागता येते. स्वतः उपजीविका करू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्यास आजीव कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. परंतु कागदपत्रे सेवेत असतानाच पूर्ण करावीत. वडिलांच्या निधनानंतर कार्यालयाच्या पायऱ्या झिजवण्याची वेळ वृद्ध मातेवर येऊ देऊ नये. राज्य सरकार, महापालिका व बँकांतील पालकांनी आपापल्या आस्थापना विभागाकडे नियम विचारावेत.

आमच्यानंतर कोण?

मूल लहान असते तोवर पालक उपचाराच्या धावपळीत असतात. अठरावे वर्ष उलटले की कायदा त्या मुलाला सज्ञान मानतो आणि बँकेत वा रुग्णालयात आईची सही पुरेशी ठरत नाही. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार वर सांगितलेल्या चार प्रकारांतील व्यक्तींसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते. उपनगरवासीयांनी वांद्रे पूर्वेतील जिल्हाधिकारी कार्यालयात याची चौकशी करावी.

तरीही “आमच्यानंतर याचे कोण करील?” हा प्रश्न कागदाने सुटत नाही. त्याचे उत्तर काही पालकांनी एकमेकांत शोधले. बदलापूर येथील ‘आधार’ ही बौद्धिक दिव्यांग प्रौढांना कायमचे घर देणारी संस्था अशा मुलांच्या पालकांनीच एकत्र येऊन उभारली. देशभरातील पालक संघटनांचा ‘परिवार’ हा महासंघ १९९५ पासून कार्यरत आहे. पालकांच्या गटात गेलेली आई प्रथम ऐकते, मग रडते आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या आईला अर्ज कसा भरावा हे सांगते. आम्ही हे पाहिले आहे. कोणत्याही तज्ज्ञाला न देता येणारे धैर्य तिला तेथे मिळते.

राहिला प्रश्न आपला. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली येथे राहणारे आपण प्रत्येकजण हाजीअलीला संस्था उभारू शकत नाही. पण विहारात वा चाळीच्या सभागृहात रविवारी एक तास बसून चार कुटुंबांचे अर्ज भरून देऊ शकतो. लोकलमध्ये दिव्यांगांसाठी राखीव डबा असतो, प्रमाणपत्र जवळ ठेवले की मुलाला सोबत्यासह त्यातून नेता येते, ही माहिती देऊ शकतो व पहिल्या खेपेला स्वतः सोबत जाऊ शकतो. आठवड्यातून दोन तास मुलाला सांभाळून त्याच्या आईला झोप देऊ शकतो. त्याच्या थोरल्या बहिणीला अभ्यासासाठी आपल्या घरात जागा देऊ शकतो, कारण अशा घरातील धडधाकट भावंडांकडे पाहण्यास कोणालाच वेळ नसतो. आणि वाढदिवसाचे बोलावणे करताना त्या घराचे दार वगळू नये, एवढे तर सहज करू शकतो.

या शाळेने आम्हाला जे हात दिले, त्यांची परतफेड त्याच माणसांना करता येणार नाही. त्यांतील कित्येकजण आज हयातही नाहीत. ती शेजारच्या दारी करता येईल. वाचकांनी ही स्मरणिका मिटण्यापूर्वी आपल्या इमारतीतील, आपल्या गल्लीतील असे एक घर आठवावे आणि या आठवड्यात तेथे जाऊन यावे, एवढीच आमची विनंती आहे.