पाणी एक, मापे चार

उदाहरण सुटले, उत्तर आले, पण एकक लिहायचे राहिले म्हणून अर्धा गुण गेला. प्रत्येक वर्गात हे घडते. त्यामुळे एकक म्हणजे उत्तराला शेवटी जोडायचे शेपूट, अशी मुलांची समजूत होते. वास्तविक पहिल्या पायरीपासून एकक सोबत ठेवले, तर गणित कोठे चुकले हे तेच दाखवते. ते कसे, हे आपण नवी मुंबईच्या पाण्यावरून पाहू.

नवी मुंबई महानगरपालिकेला पाणी मिळते ते मुख्यतः रायगड जिल्ह्यातील मोरबे धरणातून. खालापूर तालुक्यात धावरी नदीवर हे धरण आहे. त्याची साठवणक्षमता सुमारे १९० दशलक्ष घनमीटर असून पाणीपुरवठा योजनेची क्षमता दिवसाला ४५० दशलक्ष लिटर आहे. पावसाळ्यात वृत्तपत्र उघडले, की पाऊस मिलिमीटरमध्ये, धरणाची पातळी मीटरमध्ये, साठा घनमीटरमध्ये आणि पुरवठा लिटर प्रतिदिन अशा बातम्या दिसतात. पाणी एकच, मग मापे चार का?

प्रथम पाऊस घेऊ. दूध-पाणी आपण लिटरने मोजतो, मग पाऊस लांबीच्या एककात का? सरळ बाजूंचे दोन डबे, एक अरुंद व एक रुंद, शाळेच्या मैदानात पावसात ठेवा. रुंद डब्यात जास्त पाणी साठेल, पण दोन्हींतील पाण्याची उंची जवळजवळ सारखीच भरेल. साठलेल्या पाण्याचे घनफळ भागिले डब्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ, म्हणजे ही उंची. घनफळात लांबी तीनदा येते, क्षेत्रफळात दोनदा. भागाकारात एकदा उरते. राशीच्या अशा घडणीला आपण तिची ‘मिती’ म्हणतो.

आता उलट जाऊ. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. म्हणजे २० चौरस मीटरच्या छपरावर १८,८८० लिटर पाणी पडले! ‘९४४ मिलिमीटर’ या आकड्यामागचा प्रलय मुलांना आता दिसू लागेल.

धरणाची पातळीही मीटरमध्ये, म्हणजे तीही लांबीच. पण साधारणपणे ती समुद्रसपाटीच्या संदर्भाने मोजतात. शिवाय धरणाचा तलाव सरळ बाजूंचा डबा नव्हे, वर पसरत जाणारी दरी आहे. म्हणून पातळी एक मीटरने वाढली, तर तळाशी जेवढे पाणी वाढते त्याहून कितीतरी जास्त काठाशी वाढते. मिती सारखी असली तरी दोन राशींचा अर्थ सारखा असेलच असे नाही, हे येथे लक्षात घ्यावे.

आता महत्त्वाचा प्रश्न : भरलेले धरण शहराला किती दिवस पुरेल? मुले झटकन १९० ला ४५० ने भागतात. उत्तर येते ०.४२. पण ०.४२ काय? कोणी ‘वर्षे’ म्हटले, तर ऑगस्टअखेर भरलेले धरण फेब्रुवारीपूर्वीच कोरडे पडणार, अशी घबराट उडेल! म्हणून एकके सोबत घेऊन पुन्हा भागू. वर दशलक्ष घनमीटर, खाली दशलक्ष लिटर प्रतिदिन. दशलक्ष गेले, आणि ‘प्रतिदिन’ छेदात असल्याने ‘दिवस’ वर आला. उरले घनमीटर भागिले लिटर. या दोन्हींची मिती एकच, पण एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. तेव्हा उत्तर ०.४२ गुणिले १,००० दिवस, म्हणजे सुमारे ४२० दिवस. प्रत्यक्षात बाष्पीभवन व गळती होते आणि तळाचे सर्व पाणी उचलता येत नाही, त्यामुळे दिवस कमी भरतात. वर्षाच्या गरजेवर शिल्लक फार नाही. म्हणूनच पाऊस लांबला की पाणीकपातीची चर्चा सुरू होते.

मिती जुळली पण एकक चुकले, तर किती महागात पडते? १९९९ साली ‘नासा’चे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाजवळ नष्ट झाले. एका संगणक-प्रणालीने दिलेले आकडे ब्रिटिश पद्धतीच्या पौंड-सेकंदात होते, दुसरीने ते न्यूटन-सेकंद म्हणून वापरले. राशी तीच होती, एकक वेगळे होते.

मितींच्या तपासणीलाही मर्यादा आहे. शंकूच्या घनफळाच्या सूत्रात एक तृतीयांश लिहायला विसरलो, तरी मिती बरोबरच येते. म्हणजे मिती जुळली नाही तर उत्तर नक्की चूक. जुळली तर बरोबर असण्याची शक्यता आहे, एवढेच.

वर्गासाठी एक उदाहरण देऊन थांबू. धरणाच्या बातम्यांत ‘टीएमसी’ म्हणजे अब्ज घनफूट आणि ‘क्युसेक’ म्हणजे घनफूट प्रति सेकंद. पहिला साठा, दुसरा वेग. १०,००० क्युसेक विसर्ग चालू असेल, तर एक टीएमसी पाणी जाण्यास किती वेळ लागेल? घनफूट कटून सेकंद उरतात : एक लाख सेकंद, म्हणजे सुमारे २८ तास. पुढची बातमी मुलांनाच आणू द्या, आणि प्रत्येक आकड्याला एकच प्रश्न विचारायला सांगा : हे काय मोजले आहे?