शेंडेनक्षत्राला देऊळ

शेंडेनक्षत्र दिसले, की कुणा राजाचे शंभर भरले, ही समजूत केवळ आपल्या आजीबाईंची नव्हे. प्राचीन रोमचे लोकही त्याच्या भीतीने चळचळा कापत. (ग्रीकांनी धूमकेतूला दिलेल्या नावाचा अर्थ 'लांब केसांचा'. आमची शेंडी तिकडेही होतीच म्हणायची!) त्याच रोमने एका धूमकेतूला देवळात बसवले, याचे मला मोठे कौतुक वाटते.

इ. स. पू. ४४ च्या १५ मार्चला ज्यूलियस सीझरचा खून झाला. त्याचा वारस ऑक्टेव्हियन अवघा अठरा वर्षांचा पोर. जुलैत त्याने सीझरच्या नावे खेळ भरवले आणि नेमका तेव्हाच धूमकेतू उगवला. सात दिवस तो दिसत राहिला. सीझरचा आत्मा देवांत जाऊन बसला, असे लोकांनी ठरवून टाकले. पोरगा हुशार! त्याने सीझरच्या पुतळ्याच्या मस्तकी तारा चढवला. दोन वर्षांनी सीनेटने सीझरला देवपण बहाल केले, आणि हा 'देवपुत्र' म्हणवून घेऊ लागला. बाप देव झाला, की मुलाला फारशी खटपट करावी लागत नाही. पुढे तोच सम्राट ऑगस्टस. तारा खरा आपल्यासाठीच उगवला, असे त्याला मनातून वाटे, हे प्लिनीने लिहून ठेवले आहे.

त्याच्यामागून आलेल्या टायबेरियसच्या नाण्यावर 'देव ऑगस्टसचा पुत्र' अशी अक्षरे आहेत. कर द्यावा की नाही, या प्रश्नावर येशूने मागवून घेतलेले नाणे बहुधा हेच, असे अभ्यासक मानतात.

आता मत्तयाचे शुभवर्तमान उघडा. पूर्वेकडचे मागी लोक तारा पाहून यरुशलेमला येतात आणि नवा राजा कुठे जन्मला, असे विचारतात. तेही गादीवर हेरोद बसलेला असताना! रोमच्या प्रजेला त्या ताऱ्याचा अर्थ वेगळा सांगावा लागला नसेल. रोमचा तारा मेलेल्या सेनापतीचा. हा सुताराघरच्या तान्ह्याचा. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने तर तो धूमकेतूच्याच जातीचा असावा, असे लिहिले.

देवपुत्र कोण, हा वाद जिवावर बेतणारा होता. इ. स. ११२ च्या सुमारास त्या प्लिनीचा भाचा, धाकटा प्लिनी, बिथिनियाचा सुभेदार होता. ख्रिस्ती म्हणून आरोप आलेला माणूस ते नाकारू लागला, की त्याच्यापुढे तो सम्राट ट्राजनची प्रतिमा ठेवी. धूप व मद्य वाहून ख्रिस्ताला शिव्याशाप दिले, की सुटका. तीनदा विचारूनही जे आपण ख्रिस्ती असल्याचे सांगत, त्यांना देहान्त. रोमचे नागरिक असतील, तर रवानगी रोमला. खरे काय ते कळावे म्हणून त्याने दोन दासींचे हाल केले. हाती लागली ती केवळ अंधश्रद्धा, असे त्याने सम्राटाला कळवले.