बंदूक खाली ठेवल्यावर

आपल्याकडे बालसैनिक म्हटलं की पंधरा ऑगस्टला लाकडी बंदूक खांद्यावर घेऊन लेफ्ट-राइट करत जाणारी शाळेतली पोरं डोळ्यांसमोर येतात. मी आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्यांच्या खांद्यावरची बंदूक खरी होती. ती त्यांच्या हाती कशी आली, हे थोडंफार आपण वाचलेलं असतं. खाली ठेवल्यावर त्यांनी काय केलं, हे मला अधिक ऐकण्यासारखं वाटतं.

सिएरा लिओनचा इश्माएल बेआह तेराव्या वर्षी सैन्यात ओढला गेला. नशेच्या गोळ्या खायच्या आणि बंदुकीच्या गोळ्या झाडायच्या, हा दिनक्रम. पुढे युनिसेफने त्याला सोडवून फ्रीटाऊनच्या पुनर्वसन केंद्रात आणलं. यात तुमचा काही दोष नाही, असं तिथली माणसं मुलांना पुन्हापुन्हा सांगत. मुलांना त्या वाक्याचीच चीड येई. मोठ्या माणसांनीच तर त्यांच्या हाती बंदूक दिली होती; मोठ्यांचा शब्द ती का मानतील? बेआहचा सूर जुळला तो एका परिचारिकेशी, तोही रॅप गाण्यांच्या कॅसेटमुळे.

अशा मुलाचा पहिला प्रश्न असतो, हे सांगणारा कोण? डॉक्टर हवेत, शिक्षक हवेत, त्यात वाद नाही. पण रात्री दचकून उठणं, गावाने दारात उभं न करणं हे ज्याने सोसलंय, तो ‘मी शिकलो, तूही शिकशील’ म्हणाला की त्याला वजन येतं. 2008 मध्ये बेआह आणि असेच काही तरुण एकत्र आले आणि युनिसेफच्या साह्याने त्यांचं एक जाळं उभं राहिलं. वेढ्यातल्या सारायेव्होत रोजनिशी लिहिणारी झ्लाता फिलिपोविचही त्यात होती. तिने बंदूक कधी धरली नाही. बालपण गेलं ते गेलंच.

युगांडाची ग्रेस अकालो त्यांच्यातलीच. 1996 च्या ऑक्टोबरात आबोकेच्या शाळेतून बंडखोरांनी 139 मुली पळवल्या. शाळेच्या सिस्टर राकेले त्यांच्या मागोमाग रानात गेल्या आणि 109 जणी सोडवून आणल्या. ग्रेस उरलेल्या 30 जणींत. काही महिन्यांनी ती निसटली, पदवीधर झाली, 2009 मध्ये सुरक्षा परिषदेपुढे बोलली. मुलींची बाजू मांडायला मुलगीच हवी होती. युद्धं संपल्यावर अनेकदा बंदूक जमा करील त्याचं नाव मदतीच्या यादीत चढे. ओझी वाहणाऱ्या, रांधणाऱ्या, बळजबरीने ‘बायको’ केलेल्या पोरींकडे जमा करायला बंदूक कुठली? कडेवर मूल मात्र असे.

आणि आता माझ्या जातीचा, म्हणजे कवीच्या जातीचा माणूस: दक्षिण सुदानचा इमॅन्युएल जाल. या बालसैनिकाला एमा मकून या इंग्रज बाईने केनियात लपवून नेलं. 1993 मध्ये ती अपघातात गेली. जाल रॅप गाऊ लागला. सुदानच्या त्या युद्धात धर्माचं नाव दोन्हीकडून घेतलं जाई, आणि माझ्यासारख्या मुसलमानाला ते टोचतं. म्हणून 2005 चा त्याचा गाण्यांचा संग्रह मला मोलाचा वाटतो. त्यात त्याच्या जोडीला आहेत अब्देल गादिर सलीम, उत्तरेकडचे मुस्लिम गायक आणि ऊदवादक. शत्रूच्या मुलखातला म्हातारा आणि हा पोरगा!

पुढे लीर गावी एमाच्या नावाने शाळा बांधायची म्हणून जाल दिवसाला एकच वेळ जेवत पैसे गोळा करू लागला. 2011 मध्ये दक्षिण सुदान स्वतंत्र झाला, 2013 च्या डिसेंबरात पुन्हा पेटला, आणि लीरही त्यातून सुटलं नाही. जालचं गाणं थांबलं नाही. 2018 मध्ये त्याने निर्वासितांच्या छावणीत दिवस काढलेल्या आपल्या बहिणीला, न्यारुआचला, सोबत घेऊन गाण्यांचा संग्रह काढला. त्याचं नाव ‘नाथ’. आपल्या कानाला एकनाथ आठवतात. त्यांच्या नुएर भाषेत नाथ म्हणजे माणसं.